पंपाच्या डाव्या अंगाला

निहार पांढरीपांडेला एकाच माहितीपटासाठी एकाच आठवड्यात दोन पुरस्कार मिळाले, आणि ते देणाऱ्या दोन्ही संस्था एकमेकींविरुद्ध भांडत होत्या.

पहिला पुरस्कार एका आदिवासी हक्क परिषदेचा. तिथे अध्यक्षांनी त्याला मिठी मारली आणि कानात सांगितलं, "प्रकल्पवाल्यांचे काय वाभाडे काढलेत हो!" दुसरा खुद्द 'हरित सातपुडा' प्रकल्पाचा. तिथे प्रकल्प अधिकारी घाटबांधे यांनी शाल घातली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "आमची बाजू इतक्या संयमानं आजवर कुणी मांडली नव्हती. दोनदा पाहिली मी. दुसऱ्यांदा तर मिसेसही होत्या."

निहार दोन्हीकडे "आभारी आहे" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? नारळ मात्र दोन्हीकडचे नासके निघाले. दोन्ही पक्षांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं.

माहितीपट सालईढाण्याचा होता. सातपुड्यातली ही कोरकू लोकांची वस्ती आधी डोंगरावर होती. दहा-अकरा वर्षांपूर्वी प्रकल्पानं ती उचलून खाली हायवेच्या कडेला आणून ठेवली. उचलताना मोंजीलाल कासदेकर नावाचा माणूस गेला. घरच्यांचं म्हणणं, जेसीबीनं भिंत ढकलली तेव्हा मोंजीलाल भिंतीच्या आत होता आणि घाटबांधे साहेब समोर उभे राहून हातानं 'चल, चल' करत होते. प्रकल्पाचं म्हणणं, त्या दिवशी तिथे अधिकारी कुणी नव्हताच. मोंजीलाल मागाहून दारू पिऊन रिकाम्या घरात शिरला आणि भिंत आपली आपण पडली. घाटबांधे यांनी तर शपथेवर सांगितलं होतं, की सालईढाणा त्यांनी फक्त नकाशात पाहिला आहे.

निहारनं दोन वर्षं दोन्हीकडचं चित्रण केलं. त्याआधी तो नागपुरात लग्नांचे व्हिडिओ करायचा, त्यामुळे दोन्हीकडचे पाहुणे सांभाळायची त्याला सवय होती. जुन्या वस्तीच्या जागी जायला बंदी होती. तिथे तो 'पक्ष्यांवर फिल्म करतोय' अशी थाप मारून एकदाच जाऊन आला. पक्षी एकही दिसला नाही. वर चष्मा गवतात पडला, आणि तो शोधण्याच्या नादात कॅमेरा चालूच राहिला.

दोन पुरस्कारांचं कोडं सुटेना, तेव्हा त्यानं पुण्याला बहिणीला फोन लावला.

"ताई, माझ्या फिल्मचं काय केलंत तुम्ही लोकांनी?"

"काय म्हणजे? लोक शेवटपर्यंत बघतायत. डॉक्युमेंटरी, शेवटपर्यंत! तुझ्या आधीच्या फिल्मला आईशिवाय कोण बसलं होतं? आणि आईही झोपली होती."

ताईच्या, म्हणजे शर्वाणीच्या, कंपनीनं 'मनासारखं' नावाची यंत्रणा काढली होती आणि एव्हाना ती घरोघरच्या पडद्यांत जाऊन बसली होती. तिचं शास्त्र तसं सोपं होतं. हृदय दर ठोक्याला चेहऱ्याकडे रक्त ढकलतं, तेवढ्यानं कातडीचा रंग किंचित बदलतो. माणसाच्या डोळ्याला तो बदल दिसत नाही. पडद्याच्या कडेला बसवलेल्या कॅमेऱ्याला दिसतो. बुबुळ किती मोठं झालं, नजर चित्रात नेमकी कुठे टेकली, हेही त्याला कळतं. एवढ्यावरून यंत्र क्षणोक्षणी ठरवतं, की समोरच्याला आता काय दाखवलं तर तो उठून जाणार नाही. निहारनं केलेलं शेकडो तासांचं सगळं चित्रण त्या यंत्राच्या पोटात होतं. त्यातून ते ज्याला त्याला, बसल्या जागी, वेगळी फिल्म जोडून देत होतं.

"म्हणजे तुम्ही खोटं दाखवता."

"एक चित्र खोटं नाही, एक शब्द खोटा नाही. बनावट चित्रांवर बंदी आहे बाबा, आम्ही जेलात जाऊ. आम्ही फक्त क्रम लावतो. घरी पाहुणा आला की तू नाही का त्याच्या आवडीचेच विषय काढत?"

"आणि नावडीचे?"

"माणसाचा हात रिमोटकडे वळायला लागला, की ते दृश्य त्याच्यापुरतं बाद."

निहारला सगळं कळलं आणि काहीच कळलं नाही. त्याच्या फिल्मच्या लाखभर फिल्म झाल्या होत्या आणि त्यातली त्यानं स्वतः फक्त एकच पाहिली होती. ती अर्थातच अप्रतिम होती.

*

दुसऱ्या दिवशी मोंजीलालच्या बायकोचा, सुगरतीबाईचा फोन आला.

"भाऊ, मी वरच्या गेटवर हावो. हा चौकीदार आमाले आत जाऊ नाई देऊन राह्यला. याले सांगा ना."

"काय सांगू, मावशी?"

"साहेबानं कबूल केलं म्हून! आमी सिनेमा पाह्यला ना. मी रडत सांगतलं, आन् मंग साहेब खाली मान घालून म्हनले, 'चूक झाली. माफ करा.' अख्ख्या ढाण्यानं पाह्यलं. मुंडा घेऊन आलो आमी."

घाटबांधे ते वाक्य बोलले होते, हे खरं. मुलाखतीच्या सुरुवातीला त्यांनी माइक उलटा लावला होता आणि तो पाडलाही होता. "चूक झाली, माफ करा," म्हणत ते खाली वाकले होते. सुगरतीबाईच्या पडद्यातल्या यंत्रानं तेवढा तुकडा उचलला आणि जिथे तिला हवा होता, नेमका तिथे नेऊन ठेवला.

तो गेटवर पोचला तेव्हा अख्खी वस्ती टेम्पोभोवती सावलीला बसली होती आणि चौकीदार त्यांच्यातच बसून त्यांच्या भाकरी खात होता. टेम्पोत सागाचा खांब आडवा होता. हाच मुंडा. कोरकूंमध्ये माणूस गेला की त्याच्या नावानं असा कोरलेला खांब उभा करतात; तो उभा राहीपर्यंत गेलेला माणूस आपल्या वाडवडिलांत जाऊन बसत नाही, घराभोवती घुटमळत राहतो. मोंजीलालच्या बापाचा मुंडा डोंगरावर होता. मोंजीलालचा त्याच्या शेजारीच हवा, एवढंच सुगरतीबाईचं मागणं होतं. पैशाची भरपाई तिनं कधीच मागितली नव्हती, त्यामुळे प्रकल्पाला तिच्याशी काय बोलावं हेच सुधरत नसे.

खांबावर वर सूर्य होता, चंद्र होता, खाली घोडा आणि त्यावर मोंजीलाल. मोंजीलाल जन्मात घोड्यावर बसला नव्हता. त्याच्याकडे बिनब्रेकची सायकल होती. पण पद्धत ती पद्धत. निहारचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. घोड्याला डोकं नव्हतं. मानेपाशी लाकूड नुसतं चौकोनी ठोकळ्यासारखं सोडलेलं.

"हे अर्धंच राहिलं की."

"राहीन नाही तं काय?" खांब कोरणारा दमडू मिस्त्री म्हणाला. "मले हाव भेटली नाई ना अजून."

सालईढाण्याची ही स्वतःची रीत होती. माणूस आजारानं किंवा वयानं गेला असेल, तर घोड्याचं तोंड घराकडे. कुणी दुसऱ्यानं त्याला मरण आणलं असेल, तर तोंड बाहेर, जंगलाकडे. आणि हे एकटा मिस्त्री ठरवत नाही. तो छिन्नी टेकवून मोठ्यानं विचारतो आणि जितक्यांच्या कानावर तो सवाल पडला, तितक्या सगळ्यांनी, आणि मरणाच्या वेळी जे हजर होते त्यांनीही, 'हाव', म्हणजे होय, म्हणायचं. एकानं जरी तोंड मिटलं तरी छिन्नी खाली. घरचा असो, पाहुणा असो, वाटसरू असो. मागे एकदा यापायी एस.टी.चा कंडक्टर अडकला होता. तो बिचारा 'हाव' म्हणायला तयार होता, पण मेलेल्या माणसाची माहिती काढल्याशिवाय म्हणणार नाही म्हणाला, आणि गाडी तासभर उभी राहिली.

"पन मोंजीलालच्या बखतीले साहेब बी होते ना तिथी," मिस्त्री म्हणाला. "त्याहीची हाव पायजे. त्याहीनं सिनेमात सांगतलं म्हून म्हनलं, चाला, आता डोकं लावू."

सगळे निहारकडे पाहायला लागले. सांगणं भाग होतं.

"मावशी... ते 'चूक झाली' माइकबद्दल होतं. माइक पाडला होता त्यांनी."

सुगरतीबाईनं टेम्पोतल्या खांबावर हात ठेवला. मग म्हणाली, "मंग तुमी ते माह्या रडन्याच्या मांगं काहून लावलं?"

"मी नाही लावलं. मशीननं लावलं."

"मशीनले मोंजीलाल मालूम होता का?"

"नाही."

"मंग त्याले कायची घाई होती?"

टेम्पो वळला. जाताना ती म्हणाली, "या आता, सिनेमावाले." दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला भाऊ म्हटलं नाही.

*

मोंजीलालच्या मृत्यूची आणि मुंड्याच्या परवानगीची सुनावणी तालुक्याच्या गावी एका सभागृहात, चौकशी समितीपुढे होती. फिल्म आता निवेदन म्हणून चालत असे. अट एकच, सगळ्यांनी ती एका वेळी एका पडद्यावर पाहायची. ही अट अनुभवातून आली होती. मागच्या एका प्रकरणात समितीच्या तीन सदस्यांनी फिल्म आपापल्या घरी पाहिली होती आणि येताना तीन निकाल लिहून आणले होते.

निहारनं बहिणीला विनवलं होतं, की तो उद्योग बंद कर आणि माझी साधी, सरळ फिल्म लाव. पण बिनयंत्राचा पडदा आता बाजारात मिळत नव्हता. शर्वाणी पुण्याहून स्वतः आली. भावाला मदत करायला, असं ती म्हणाली. खरं तर तिला उत्सुकता होती. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एका पडद्यासमोर बसली, तर यंत्र काय करील, हे कंपनीतही कुणाला ठाऊक नव्हतं.

एका बाजूला सालईढाणा, दुसऱ्या बाजूला घाटबांधे आणि त्यांचे वकील, मधे समितीच्या अध्यक्ष सबनीस मॅडम. दिवे मंदावले. फिल्म सुरू झाली.

पडद्यावर म्हैस आली.

म्हैस रवंथ करत होती. निहारनं हे कधी आणि का चित्रित केलं, त्याला आठवेना. म्हैस डावीकडे चघळत होती, मग उजवीकडे चघळायला लागली. बराच वेळ झाला तरी म्हैसच.

"पांढरीपांडे," सबनीस मॅडम म्हणाल्या, "हे प्रतीकात्मक आहे का?"

"नाही मॅडम. म्हणजे, मला माहीत नाही."

"सगळ्यांना चालेल असं एवढंच सापडलंय त्याला," शर्वाणी त्याच्या कानात कुजबुजली. "सुगरतीबाई आली की प्रकल्पवाले नजर फिरवतात. घाटबांधे आले की सालईढाणा. म्हशीवर कुणाचाच राग नाही. थांब, ते शोधतंय अजून."

यंत्र शोधत होतं. म्हशीनंतर ढग, नंतर एक बंद दुकान, आणि मग अचानक एक हातपंप. गंजलेला, दांडा नसलेला, कमरेइतक्या गवतात उभा. चष्मा हरवला होता तेव्हा चालू राहिलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेला. चित्र तिरकं होतं आणि मधूनच निहारचा आवाज येत होता, "अरे यार, कुठे गेला."

सालईढाण्याची सगळी माणसं एकदम पुढे सरकली. त्यांचाच पंप तो. पण पंप हलेना. म्हशीसारखाच मुक्कामाला आला. मिनिटं गेली. वकील चुळबुळले. घाटबांधे यांनी खिशातून फोन काढला, "एक महत्त्वाचा आहे," असं पुटपुटले आणि बाहेर गेले.

पडद्यावर लगेच सुगरतीबाई आली आणि बोलायला लागली.

घाटबांधे परत आले. पंप.

काही वेळानं ते पुन्हा उठले. दारापर्यंत पोचतात न पोचतात तोच सुगरतीबाई. माघारी फिरले. पंप.

तिसऱ्यांदा ते नुसतेच खुर्चीतून अर्धवट उठले आणि पडद्याकडे बघून परत बसले.

"साहेब," सुगरतीबाई शांतपणे म्हणाली, "तुमी आले का पंप येते."

कुणीतरी हसलं. घाटबांधेही हसले, पण जरा उशिरा. "मशीनचा बिघाड आहे. मी ही फिल्म दोनदा पाहिली आहे घरी. त्यात पंप नव्हताच."

सबनीस मॅडमनी शर्वाणीकडे पाहिलं. शर्वाणी उभी राहिली. तिचा आवाज आता कुजबुजण्याचा नव्हता.

"घरी नसणारच. मशीन दोन गोष्टी मोजतं. नजर किती खिळली आणि माणूस कितपत पळायला बघतोय. घरी हे दृश्य येताच यांचा हात रिमोटकडे गेला असेल, मशीननं ते बाद केलं. इथे रिमोट कुणाच्याच हातात नाही. त्यामुळे इथे फक्त नजर मोजली जाते."

"म्हणजे पंपावर घाटबांधे यांची नजर खिळते आहे?"

"खोलीत सगळ्यांत जास्त त्यांचीच असेल. किंवा सालईढाण्याची. एकत्र असताना सांगता येत नाही."

सबनीस मॅडमनी सालईढाण्याच्या लोकांना व्हरांड्यात जायला सांगितलं. माणसं उठली, चपला शोधल्या, बाहेर गेली आणि खिडक्यांच्या गजांना धरून उभी राहिली. आत घाटबांधे, वकील, समिती आणि दोघं बहीणभाऊ.

पंप गेला नाही. उलट चित्र हळूहळू मोठं व्हायला लागलं. यंत्र नजरेच्या मागे मागे आत शिरत होतं. पण ते पंपाकडे जाईना. पंप उजवीकडे सरकला, कडेला गेला, चित्रातून बाहेर पडला. पडद्यावर आता फक्त गवत होतं. पंपाच्या डाव्या अंगाचं, साधं, वाऱ्यानं हलणारं गवत. भिंतभर पडद्यावर गवताशिवाय काही नव्हतं आणि घाटबांधे यांच्या कपाळावर घाम होता.

"घाटबांधे," सबनीस मॅडमनी विचारलं, "ही जागा तुम्ही कधी पाहिली नाही ना?"

"नाही. नकाशात फक्त."

"मग त्या गवतात काय बघताय?"

घाटबांधे यांनी डोळे मिटले. पडद्यावर म्हैस आली. त्यांनी डोळे उघडले. गवत.

"तिथीच," खिडकीतून सुगरतीबाईचा आवाज आला. ती ओरडली नाही, अगदी घरात बोलावं तशी बोलली. "तिथीच भिंत होती आमची."

*

यानंतर न्याय झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी वकील पाहिले नसावेत. नजर हा पुरावा होतो का, यावर महिनोन्‌महिने वाद चालू राहिला. शर्वाणीच्या कंपनीनं लेखी कळवलं, की आमचं यंत्र निव्वळ करमणुकीसाठी आहे आणि त्यावरून कुणीही काहीही समजू नये. शर्वाणीची बदली जिथे पडदे नव्हते अशा विभागात झाली. निहारला तिसऱ्या पुरस्कारासाठी विचारणा झाली. त्यानं नारळ नको म्हणून कळवलं.

एक गोष्ट मात्र लगोलग झाली. खांब लावायला परवानगी मिळाली. समितीनं अट घातली, की वर जाताना प्रकल्प अधिकारी जातीनं हजर पाहिजेत.

म्हणून त्या सकाळी डोंगरावर वस्ती होती, बिनडोक्याच्या घोड्याचा खांब होता, ढोल होता, आणि बऱ्याच अंतरावर, हातांची घडी घालून, घाटबांधे होते. निहारही होता. गळ्यात कॅमेरा होता, पण सुगरतीबाई त्याला अजून 'सिनेमावाले' म्हणत होती, म्हणून त्यानं तो डोळ्याला लावला नव्हता.

दमडू मिस्त्रीनं खांब चौघांच्या खांद्यावर आडवा धरायला लावला, छिन्नी टेकवली आणि मोठ्यानं विचारलं, "मोंजीलालले दुसऱ्यानं मरन आनलं. तोंड जंगलाकडं. हाव?"

"हाव," सुगरतीबाई म्हणाली. "हाव," वस्ती म्हणाली. "हाव," निहार म्हणाला; ते आपल्याला विचारलं होतं की नाही, हे त्याला नक्की कळलं नव्हतं.

मिस्त्रीनं मान वर करून घाटबांधे यांच्याकडे पाहिलं.

घाटबांधे दोन पावलं मागे सरकले. ऐकू येणाऱ्यांत धरलं जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. मिस्त्री दोन पावलं पुढे गेला. त्याची छिन्नी लाकडावर होती, म्हणून खांबही पुढे गेला. खांबाखालचे चौघे पुढे गेले, आणि मग ढोलासकट अख्खी वस्ती पुढे गेली. "हाव?" मिस्त्रीनं विचारलं. घाटबांधे आणखी मागे. खांब आणखी पुढे. कुणी धावत नव्हतं, कुणी रागावलेलं नव्हतं. गवतातून एक मिरवणूक एका माणसाच्या मागे, त्याच्याच गतीनं चालली होती, आणि तो माणूस उलटा चालत होता.

मग तो थांबला. पाठीला काहीतरी लागलं होतं. घाटबांधे यांनी वळून पाहिलं. पंप होता.

त्यांनी पंपाकडे पाहिलं. मग डाव्या अंगाला पाहिलं. तिथे गवत होतं.

"हाव?" मिस्त्रीनं विचारलं.

वारा आला. ढोलवाल्यानं पाय बदलला.

"हाव," घाटबांधे म्हणाले.

"ऐकू नाई आलं."

"हाव. मी होतो. हाव."

छिन्नीवर पहिला घाव पडला.

ते भीतीनं म्हणाले, कंटाळून म्हणाले, की खरंच म्हणाले, हे निहारला त्या वेळी कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. सुगरतीबाईचा चेहरा बघून त्याला वाटलं, तिलाही ठरवता आलेलं नाही. ती मिस्त्रीच्या हाताखालून उडणाऱ्या ढलप्या पदरात गोळा करत होती. घोड्याला आधी कान आले, मग कपाळ.

"भाऊ," ती वर न बघता म्हणाली, "घेतलं का तुमी? साहेब म्हनले ते?"

निहारनं गळ्यातला कॅमेरा पाहिला. तो चालू होता. सकाळपासून चालू होता, खाली लोंबत. त्यात साहेब नव्हते, पंप नव्हता, घोडाही नव्हता. त्यात फक्त निहारच्या चपला होत्या, गवत होतं, आणि आवाज.

तो तुकडा त्यानं तसाच, वेगळी फिल्म म्हणून, यंत्राला दिला. तेव्हापासून परिषदेचे अध्यक्ष, प्रकल्पाचे लोक, सबनीस मॅडम, निहारची आई, सगळ्यांना तो एकसारखाच दिसतो. यंत्र दरवेळी नजर मोजतं, ठोके मोजतं, पुढे-मागे लावायला काही मिळतं का ते शोधतं. पण तुकडा एकच आहे. चपला चालत राहतात, थांबतात, "हाव" ऐकू येतं, आणि मग लाकडावरचे घाव.